बारीक झालीस गं!

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची गोष्ट. सालमियातल्या एका हॉलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी हळदीकुंकू होतं. कपाटात तीन वर्षं पडून असलेली पैठणी मी बाहेर काढली होती आणि तिच्यावरचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावा लागला होता. त्या आनंदात मी हॉलचा जिना चढायला लागले. हॉल पहिल्याच मजल्यावर, पण मधल्या वळणावर मला कठडा धरून थांबावं लागलं. निऱ्या सारख्या करत असल्याचं नाटक करून श्वास घेतला आणि वर गेले. दारातच पहिली हाक आली, "अगंबाई, केवढी बारीक झालीस गं! काय केलंस?"

त्या संध्याकाळी हे वाक्य मला अकरा जणींनी ऐकवलं. मी मोजलं ना! वाणात मिळालेल्या डब्यापेक्षा ती अकरा वाक्यंच मला मोलाची वाटली. तिळाची वडी कोणीही दिली तरी हसून घेत होते आणि गुपचूप पर्समध्ये टाकत होते. परतताना गाडीत ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. मागच्या सीटवर आमची पंधरा वर्षांची लेक कानात इअरफोन घालून बसली होती. तिला काही ऐकू जात नसेल अशी माझी समजूत.

पुढच्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.८. बाईमाणसाचं ते १२ तरी असावं लागतं आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. ज्या देहाची अकरा जणींनी तारीफ केली होती, त्यात निम्मंच म्हणावं इतकं रक्त उरलं होतं.

झालं होतं असं, की दीड वर्षापासून मला पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होत होता. आठ-आठ, नऊ-नऊ दिवस. ऑफिसमध्ये खुर्चीवरून उठताना मागे वळून बघायची सवयच लागली होती. पण 'चाळिशीनंतर हे असं होतंच' या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. हे वाक्य मला कोणा डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. ते आपल्या घराघरांतून असंच फिरत असतं, एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात. त्यातच मी वजन कमी करायला घेतलं. रात्रीचं जेवण बंद, दुपारी काकडी आणि सूप. अंगातून रक्त जातंय आणि वर अन्नही नाही. पुढे पुढे भूकच मेली, तेव्हा मला वाटलं की काय हा माझा निग्रह! सहा महिन्यांत ६८ किलोंची ५९ झाले. थकवा आला की म्हणायचं, डाएट लागू पडतंय.

डॉक्टरीणबाईंनी मला साधे प्रश्न विचारले. पाळी किती दिवसांनी येते? दिवसाला किती पॅड लागतात? गाठी पडतात का? धाप कधीपासून लागते? मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता येईना. ह्यांच्या रक्तदाबाचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे मला पाठ होते. धाकट्याच्या दम्याच्या पंपाचा डोस पाठ होता. आणि माझं स्वतःचं वजन तर शंभर ग्रॅमपर्यंत पाठ होतं. माझ्या देहाविषयी मला माहीत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो बाहेरून किती भरतो!

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. या गाठी चाळिशीच्या आसपास सर्रास आढळतात आणि बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. माझ्याही नव्हत्या. आधी रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, मग काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. कुवेतमधल्या कोणा अनोळखी माणसाने दिलेलं रक्त थेंबाथेंबाने माझ्या हातात उतरताना मी बघत होते. आपण ज्याला 'माझं शरीर' म्हणतो त्याच्याकडे मी इतकी टक लावून त्याआधी आरशाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्या खाटेवर जो प्रश्न डोक्यात आला तो अजून गेलेला नाही. म्हणून हा लेख. प्रश्न साधा आहे. बाईचा देह नेमका कोणासाठी असतो?

आपल्याला लहानपणापासून या प्रश्नाची दोन उत्तरं मिळत आली आहेत. पहिलं उत्तर, देह हा बघणाऱ्यांसाठी असतो. लग्नाच्या बाजारात 'गोरी, सडपातळ' हे शब्द छापून येतात. गावाकडून व्हिडिओ कॉल आला की सासूबाई आधी 'सुटलीस गं' म्हणतात, मग तब्येत विचारतात. इथे परदेशात तर वर्षातून एकदा सुटीवर जायचं असतं. म्हणजे वर्षभराच्या आपल्या देहाचा निकाल मुंबईच्या विमानतळावर एका नजरेत लागतो. म्हणून मे महिना जवळ आला की इथल्या आपल्या घरांतून सूप आणि काकडीचे दिवस सुरू होतात.

आता हे दिसणं आणि असणं यांचा किती संबंध आहे ते बघा. वजन जास्त की कमी हे ठरवायला आपण जो बीएमआय काढतो, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतो, ते सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं. तो डॉक्टर नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो ते त्याला आकड्यांत मांडायचं होतं. १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यांनी त्यासाठी सात हजारांहून जास्त माणसांची मापं तपासली होती आणि ते सगळे पुरुष होते. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हा आकडा उपयोगी आहे, यात वाद नाही. पण बायकांच्या जातीने सकाळी उठून त्याच्यापुढे मान खाली घालावी इतका काही तो आपल्याला ओळखत नाही.

आणि यातली सगळ्यात बोलकी गोष्ट तर आपल्या पुण्यातली आहे. के.ई.एम. रुग्णालयात मधुमेहावर संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा हा आपल्याकडचा नमुना. म्हणूनच मधुमेह आपल्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो.

हे कुठून आलं याचा शोध घ्यायला याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, सडपातळच सडपातळ बायका. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान निघाली, स्नायूंनी तर फारच. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा आलं होतं त्यांची बाळं अधिक भरलेली होती. म्हणजे ताटात काय पडलं आणि काय नाही, त्याचा हिशेब बाईच्याच नव्हे तर पुढच्या पिढीच्याही हाडामांसात लिहिला जातो. बारीक दिसणाऱ्या त्या ४२ किलोंच्या बायकांना कोणी 'फिगर छान आहे' म्हटलं असतं तर?

हे मी वाचलं आणि गप्प झाले. सुटलेल्या पोटाकडे दुर्लक्ष करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट आपल्या लोकांनी कमरेच्या घेराकडे जास्त लक्ष द्यायला हवं. बायकांसाठी तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. पण ते लक्ष टेप घेऊन ठेवायचं, लोकांच्या डोळ्यांनी नाही. बघणाऱ्याला रक्त दिसत नाही, हाड दिसत नाही, साखर दिसत नाही. त्याला फक्त ब्लाउज सैल झालेला दिसतो.

आता दुसरं उत्तर. हे पहिल्यापेक्षा फार सभ्य आहे, म्हणून जास्त फसवं. देह हा उपयोगासाठी असतो. हॉस्पिटलात मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने मनापासून, काळजीने एकच वाक्य म्हटलं, "अगं, तुला काही झालं तर घराचं कसं होईल?" हेही तेच म्हणाले. मीही मान डोलावली. आरोग्याच्या प्रत्येक भाषणात बायकांना असंच पटवतात, की तुम्ही निरोगी तर घर निरोगी. खोटं नाही ते. पण त्या खाटेवर पडल्यापडल्या मला वाटलं, म्हणजे घराचं कसंही झालं असतं तर माझं काहीही झालेलं चाललं असतं का? ज्या बाईला घर नाही, मूल नाही, जिची मुलं मोठी होऊन निघून गेलीत, तिने बरं व्हायचं ते कोणासाठी?

माझी आई साताऱ्याला आयुष्यभर सगळ्यांच्या नंतर जेवली. भांड्यात जे उरेल ते. आम्ही भावंडांनी या गोष्टीचं शाळेत निबंध लिहून कौतुक केलं, 'माझी आई' या विषयावर दहापैकी आठ गुण मिळवले. पण "आई, तुला भाजी उरली का गं?" असं उठून पातेल्यात डोकावून कोणी पाहिलं नाही. त्याग म्हणून ज्याला आपण हार घालतो, त्यातला किती भाग तिने स्वतः ठरवलेला असतो आणि किती आपल्या दुर्लक्षाचा?

इथे कोणी म्हणेल, देहाची एवढी पर्वा करत बसलं तर जगात मोठं काम होईल का? प्रश्न योग्य आहे. डॉ. आनंदीबाई जोशींचंच बघा. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. बायकांना बायकांच्या हातून औषधोपचार मिळावेत म्हणून त्या १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात क्षयाने गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांची वाट बघत राहिली. त्यांनी देह जपायला हवा होता असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण मला त्यात एक फरक दिसतो. खर्च करणं वेगळं आणि गळती लागणं वेगळं. आनंदीबाईंनी आपलं बळ कशासाठी लावायचं ते जाणूनबुजून ठरवलं होतं. माझं हिमोग्लोबिन १२ वरून ६.८ वर आलं ते कुठल्या ध्येयासाठी? ती निव्वळ गळती होती आणि तिला मी सहनशीलता हे नाव दिलं होतं.

व्यायामशाळांच्या भिंतीवर आपण एक संस्कृत वचन नेहमी वाचतो, की शरीर हे धर्माचं पहिलं साधन आहे. ते कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तलं. ते कोण कोणाला म्हणतं हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नसतं. ते एका उपाशी बाईला उद्देशून आहे! पार्वती शंकरासाठी घोर तप करते आहे, गळलेली पानं खाणंही तिने सोडलं, म्हणून तिचं नाव अपर्णा. अशा वेळी बटूच्या वेषात स्वतः शंकर येतो आणि ख्यालीखुशाली विचारताना जी पहिली चौकशी करतो तीत हेही असतं, की बाई, हे तप तू आपल्या शक्तीच्या बेताने करते आहेस ना? दरवर्षी हरतालिकेला आपण तिच्या नावाने निर्जळी उपास करतो, इथल्या भाद्रपदातल्या, म्हणजे ऐन ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात. पण ज्याच्यासाठी तो उपास, त्याने स्वतः विचारलेला प्रश्न आपण विसरलो. उपास सोडा असं माझं म्हणणं नाही. कालिदासाच्या शंकराने विचारलं तेवढं स्वतःला विचारा.

तरीही 'साधन' या शब्दापाशी मी अडते. साधन म्हटलं की ते कोणाच्या तरी हातातलं आलं. झिजलं की बदलायचं. देह म्हणजे काही पोळपाट-लाटणं नव्हे. मला दुखतं तेव्हा माझ्या साधनाला दुखत नाही, मला दुखतं.

हे मी ज्या प्रसंगातून शिकले तो सांगायला मला अजून संकोच वाटतो. माझं आजारपण माझ्याआधी एकाच व्यक्तीच्या लक्षात आलं होतं. ती ह्यांच्या नाही, मैत्रिणींच्या नाही, माझ्याही नाही. आमच्या घरी राहून काम करणारी बाई आहे, आंध्रातली, जवळपास माझ्याच वयाची. न्हाणीघरातली कचऱ्याची पिशवी रोज तीच बांधत होती. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता मी स्टुलावर बसले, तेव्हा तिने परात माझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मॅडम, खून जास्ती जा रहा है. डॉक्टर को दिखाओ." मला तिचा रागच आला. पण डॉक्टरकडे मी गेले ती तिच्या बोलण्यामुळे.

घरी परत आल्यावर एका दुपारी ती माझे पाय चेपत होती आणि माझी नजर तिच्या नखांकडे गेली. पांढरीफटक. अगदी माझ्या रिपोर्टच्या आधी माझी होती तशी. मी विचारलं, तुला धाप लागते का? ती म्हणाली, "लगता है मॅडम, काम में भूल जाती." तीन वर्षं ती माझ्या घरात राहत होती. तिच्या गावच्या घराचं छप्पर, तिच्या मुलीची फी, सगळं मला ठाऊक होतं. तिच्या देहाविषयी मात्र मी एकच गोष्ट बघत आले होते, की काम नीट होतंय ना. 'तुला काही झालं तर घराचं कसं होईल' या वाक्याने माझ्या मनात जे टोचलं होतं, तेच वाक्य मी न बोलता रोज तिला ऐकवत होते.

तिचं रक्त तपासून घेतलं. ९.१ निघालं. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, ६८ नंबरचा. त्यात आठवड्याची सुटी आहे, दिवसाला बारा तासांची कमाल मर्यादा आहे, वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा आहे. हे सगळं आम्ही देतही होतो आणि त्यावर स्वतःला चांगले म्हणवून घेत होतो. पण नखं बघायला कुठला कायदा सांगणार? ज्या घरातली एक बाई दुसऱ्या बाईला साधन समजते, त्या घरात आपल्याला कोणी माणूस समजावं ही अपेक्षा ठेवायचा अधिकार राहतो का? बाईचा देह तिचा स्वतःचा, हे मला माझ्यापुरतं म्हणता येणार नाही. म्हणायचं तर स्वयंपाकघरातल्या दोघींसाठी म्हणावं लागेल.

आणि मग आमची लेक. मी बरी होत होते, जेवायला लागले होते, आणि ही ताटातला भात बाजूला सारू लागली. चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू आजारी होतीस तेव्हाच सगळ्यांना छान दिसत होतीस ना?"

त्या रात्री गाडीत तिच्या कानात गाणी चालू नव्हती तर! माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नुसती तिच्या शेजारी बसले आणि तिच्याच ताटातला भात कालवून एक घास स्वतः खाल्ला, एक तिला दिला. पुढचे बरेच महिने आम्ही दोघी रात्री एकत्रच जेवत आलो. घरातला वजनकाटा आता बॅगा मोजायला म्हणून कपाटावर टाकला आहे. सुटीला जाताना तेवढाच तो खाली येतो.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. पण ठेच लागलेल्या माणसाने मागच्याला दगड दाखवावा, एवढ्याच अधिकाराने चार गोष्टी सांगते. वजनाआधी आपलं हिमोग्लोबिन किती ते माहीत असू द्या. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे कुठल्याही हळदीकुंकवात हा विषय परका नाही. पाळीच्या तारखा कालनिर्णयवर खूण करून ठेवा. सात दिवसांपेक्षा जास्त स्राव, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, यांतलं काहीही असेल तर 'होतंच असं' म्हणू नका. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तासभर थांबा. पालेभाजीवर लिंबू पिळा, ते लोह शोषायला मदत करतं. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी बी-१२ तपासून घ्यावं.

आणि आपल्या या कुवेतचं नवल बघा. २१ जुलै २०१६ ला इथल्या मितरिबाला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. इतकं ऊन, आणि तरी आपल्यातल्या कितीतरी जणींच्या रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व तळाला! कारण आपण ऊन बघतो ते काचेतून आणि ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च गल्फ रोडवर समुद्राच्या कडेने उन्हात चालायला काय बहार असते! उन्हाळ्यात मॉलमध्ये चाला, खरेदी न करता. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. आपल्या स्नायू कमी असलेल्या देहांना तर दुसरी गोष्ट जास्त हवी.

हे सगळं करायचं, पण कोणासाठी? लोकांनी बघावं म्हणून नाही आणि घर चालावं म्हणूनही केवळ नाही. घर चालेल, ती वरकमाई समजा. करायचं ते जिवंत असणं अंगभर जाणवावं म्हणून. जिना चढून गेल्यावर बोलायला श्वास उरावा म्हणून. ज्याला आपण आपला देह म्हणतो तोच आपण असतो, दुसरीकडे कुठे आपण राहत नाही.

हे वाचणाऱ्या पुरुष मंडळींनाही एक विनंती. आज रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकदा उठून पातेल्यात बघा, तिच्यासाठी भाजी उरली आहे का. आणि घरी कामाला बाई असेल तर तिच्यासाठीही.

यंदाच्या संक्रांतीला मी पुन्हा त्याच हॉलमध्ये गेले. ५९ ची पुन्हा ६५ झाले आहे. ब्लाउजची शिवण उसवून पूर्वीसारखा केला. वर पोचताच एक जुनी मैत्रीण म्हणाली, "परत भरलीस गं!" माझ्या तोंडून पटकन गेलं, "हो गं, रक्त भरलंय." ती हसली, पण मग बाजूला येऊन हळूच विचारू लागली, तुला नक्की काय होत होतं? किती दिवस स्राव होत होता? तिळाच्या वड्या खात आम्ही दोघी कोपऱ्यात बराच वेळ बोलत बसलो. दुसऱ्याच आठवड्यात ती तपासून आली.

मी स्वतःही त्या हॉलमध्ये इतकी वर्षं कितीजणींना 'बारीक झालीस' आणि 'सुटलीस' म्हटलं असेल! त्यांतल्या कोणाचं काय चाललं होतं, मला काय ठाऊक? आता मी भेटले की "कशी आहेस?" एवढंच विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. जरा वेळ लागतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींना या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सवय राहिलेली नाही.